शहाणीची कळ

गाढवीचं नाव शहाणी ठेवणाऱ्या माणसाला लोक हसत असत, पण गाढववाल्याने त्याची कधी फिकीर केली नाही. नाव ठेवलं होतं त्याच्या बापाने, आणि ते गमतीने नाही, पारखून ठेवलं होतं. वीटभट्टीपासून बांधकामापर्यंतची वाट एकदा दाखवली की शहाणीला दुसऱ्यांदा हाकावं लागत नसे. गळ्यातली घंटा वाजवत ती पुढे, तिच्या शेपटीला नाक लावून तिचा लेक भोपळ्या मागे, आणि सगळ्यांच्या मागे गाढववाला, हात मोकळे सोडून. भोपळ्या अंगाने दांडगा होता, पण डोक्याने बेताचाच. आई पुढे असेल तर तो विहिरीतही उतरला असता आणि आई नसेल तर गोठ्याच्या दारातून बाहेर पडत नसे.

"तुझं बरं आहे," भट्टीवरचा मुकादम म्हणायचा. "मजुरी तू घेतोस आणि अक्कल तिची वापरतोस."

गाढववाला हसायचा. खोटं काय होतं त्यात?

त्या घरात 'गाढव' ही शिवी चालत नसे. गाढववाल्याच्या म्हाताऱ्या बापाचा तसा दंडकच होता. ज्याच्या पाठीवर आपलं पोट, त्याचं नाव शिवी म्हणून तोंडात घ्यायचं नाही. राग आलाच तर 'घोडा' म्हणा, 'बैल' म्हणा, फारच डोकं फिरलं तर 'माणूस कुठला!' म्हणा. गाढववाल्याची बायको लग्न होऊन आली तेव्हा तोंडाला पदर लावून हसली होती. आता दूध उतू गेलं की तीही मांजरीला 'माणूस कुठली' म्हणायची.

भट्टीचा हंगाम संपत आला होता. ऊन असं, की विटा भट्टीतून काढल्या काय आणि उन्हातून उचलल्या काय, हाताला फरक कळत नव्हता. शेवटची भट्टी लवकर रिकामी व्हावी म्हणून मुकादमाने थप्प्या नेहमीपेक्षा उंच रचून घेतल्या होत्या. त्यातल्याच एका थप्पीच्या सावलीला शहाणी उभी होती. तिच्या डाव्या बाजूची गोणी भरून झाली होती, उजवीत गाढववाला विटा घालत होता. तेवढ्यात वर काहीतरी करकरलं. भोपळ्या उडी मारून बाजूला झाला. गाढववालाही मागे सरला. शहाणीनेही सरायचं बघितलं, पण एका अंगाला ओझं आणि एक अंग रिकामं, तिला वळताच आलं नाही. थप्पीचा अर्धा भाग तिच्या पाठीच्या मध्यावर आला.

धूळ बसली तेव्हा ती पुढच्या दोन पायांवर उठून कुत्र्यासारखी बसली होती. मागचं अंग जमिनीला चिकटलेलं. मान वळवून ती स्वतःच्याच मागच्या पायांकडे बघत होती. हे इथे कोणी आणून टाकलं, असं काहीसं तिच्या तोंडावर होतं. ओरडली मात्र नाही.

"थप्पीखाली बांधली कोणी ती?" मुकादम लांबूनच ओरडला. मग जवळ येऊन जरा खालच्या आवाजात म्हणाला, "माणसाला लागलं नाही हे नशीब समज. गाढवच ते, दुसरं बघ. आणि त्या गोणीतल्या विटा तेवढ्या परत लाव, वाटेत पडल्यात."

गाढववाल्याने आधी त्या विटा परत लावल्या. नाही म्हणता आलं असतं, हे त्याला घरी गेल्यावर सुचलं. मग भट्टीवरच्या चौघांनी हात दिला, लाकडी फळी तिच्या अंगाखाली सरकवली आणि हातगाडीवरून तिला घरी आणलं. भोपळ्या आपसूक मागून आला. आई आडवी का असेना, पुढे होती.

घरामागच्या छपरात बायकोने आधीच वाळू पसरून ठेवली होती, वर भुसा आणि जुनी पोती. शहाणीला त्यावर निजवलं. पाणी दिलं, प्यायली. कडबा पुढे केला, खाल्ला. म्हातारा काठी टेकत आला, तिच्या कपाळावर हात ठेवून बराच वेळ उभा राहिला आणि परत आत गेला.

गाढववाला तिच्या मागच्या पायाशी बसला होता. विटेची बारीक कपची खुरात अडकली असेल म्हणून त्याने खुराच्या वरची कातडी जरा जोरात दाबली, आणि शहाणीने पाय झटकन आत ओढून घेतला.

त्याने पुन्हा दाबली. तिने पुन्हा ओढला.

"अगं ए!" तो ओरडला. "कळलं! तिला कळतंय! बाबा, पाय ओढला तिने!"

बायको पिठाच्या हाताने धावत आली. त्याने तिच्यासमोर पुन्हा करून दाखवलं, दोन्ही पायांना. म्हातारा दारात येऊन बघून गेला. बायकोने डोळे पुसले आणि पीठ गालाला लागलं, ते तसंच राहिलं. त्या रात्री तिघंही पोटभर जेवली. दुसऱ्या दिवशी गाढववाल्याने भट्टीवर जो भेटेल त्याला सांगितलं, "उठणार ती. पायाला कळतंय तिच्या."

आपलं गणित कुठे चुकलंय, हे त्याला जनावरांची डॉक्टरबाई आली तेव्हा समजलं. बाई या भागात आठवड्यातून एकदा फेरीला यायची. अंगाने बारीक, बोलायला सरळ, आणि जनावराला हात लावण्याआधी त्याच्याशी दोन शब्द बोलायची. म्हणून म्हाताऱ्याला ती आवडायची.

"फळीवरून आणलीत हे फार चांगलं केलंत," ती म्हणाली. "नाहीतर होतं ते पण तुटलं असतं."

"बाई, आधी हे बघा," गाढववाला म्हणाला आणि मोठ्या हौसेने पाय दाबला. पाय आत गेला. त्याने वर बघितलं.

डॉक्टरबाई पायाकडे बघतच नव्हती. ती शहाणीच्या तोंडाकडे बघत होती.

"पुन्हा करा," ती म्हणाली. "आणि आता तुम्ही पण तोंडाकडे बघा."

त्याने दाबलं. पाय आत गेला. शहाणी कडबा खात होती. तिचा जबडा थांबला नाही, कान हलला नाही, डोळ्याची पापणीसुद्धा नाही.

"आता इकडे." बाईने पेटीतला चिमटा काढून शहाणीच्या पुढच्या पायाला, तसाच खुराच्या वर लावला. शहाणीने पाय ओढला, कान मागे पाडले आणि दात काढून बाईच्या हातावर आली. बाईने हात चपळाईने मागे घेतला.

"हे कळणं," ती म्हणाली. "मागचं ते कळणं नाही. मागचा पाय हलतो, पण हिला पत्ताच नाही."

गाढववाल्याने हातातला पाय खाली ठेवला. म्हातारा मात्र पुढे सरकला. "म्हणजे हलवतं कोण मग त्याला?"

डॉक्टरबाई पोत्यावर बसली. "कसायाच्या दुकानात मणका फोडला की आत पांढरी, मऊ दोरी दिसते. बघितलीय?"

"बोटाएवढी. बघितलीय की."

"तो मज्जारज्जू. मेंदू कवटीत असतो, तोच पुढे दोरीसारखा होऊन मणक्यांच्या भोकांतून मागे कमरेपर्यंत जातो. म्हणून तर एवढ्या हाडांच्या पिंजऱ्यात ठेवलाय त्याला. प्रत्येक दोन मणक्यांच्या फटीतून डावीउजवीकडे शिरा फुटतात. त्यांचं मूळ दुहेरी असतं. पाठीकडच्या मुळातून अंगाची बातमी आत येते, पोटाकडच्या मुळातून पायाला हुकूम बाहेर जातो. बातमी दोरीतून वर मेंदूला जाते, मेंदू म्हणतो 'दुखलं', तेव्हा जनावराला कळतं."

"आणि पाय?"

"पायाचं थोडं काम दोरी परस्पर उरकते. बातमी आली, की वर मेंदूला विचारत बसत नाही, तिथल्या तिथे हुकूम देते, पाय ओढ. तुमच्या भट्टीवर मालकाला न विचारता मुकादम एखाद्याला हाकलून देतो की नाही, तसं."

"मुकादमच तो," गाढववाला हळूच म्हणाला. त्याला हसायचं होतं, जमलं नाही.

"हिच्या कमरेतला मुकादम शाबूत आहे. मालकाकडे जाणारी वाट मध्ये, इथे कुठेतरी बंद पडलीय. त्या जागेच्या पुढचं सगळं चांगलं, म्हणून पुढचे पाय चालतात. मागचं सगळं आपापलं." बोलता बोलता ती कमरेकडून पुढे पाठीची कातडी चिमटीत धरत आली. कमरेवर काही झालं नाही. शेवटच्या बरगडीच्या थोडं पुढे आल्यावर कातडी थरथरली, माशी बसल्यावर थरथरते तशी. बाईने खाली पडलेला विटेचा तुकडा उचलला आणि तिथे आडवी लाल रेघ ओढली. "कातडी थरथरवायचा हुकूम पार मानेजवळून निघतो. बातमी तिथवर पोचली तरच. या रेघेच्या मागची पोचत नाही."

म्हाताऱ्याने रेघेवरून बोट फिरवलं. "दोरी मागे शेपटीपर्यंत जाते का हो?"

"नाही, आधीच संपते. पुढे नुसत्या शिरांचा झुपका. पुस्तकात त्याला घोड्याची शेपटी म्हणतात."

"गाढवाच्या पाठीत घोड्याची शेपटी?"

"नाव ठेवणाऱ्यांनी घोडा बघून ठेवलं, आजोबा."

"बरोबर. गाढवाला कोण विचारतो," म्हातारा म्हणाला आणि त्याला खरंच वाईट वाटलेलं दिसलं.

बाईने सूज उतरायचं इंजेक्शन दिलं, कूस कशी आणि कधी बदलायची, ओटीपोट दाबून लघवी कशी काढायची ते बायकोला करून दाखवलं. मग पेटी बंद करताना जे बोलायचं होतं ते बोलली. "दोरी तुटली असेल तर जोडली जाणार नाही. नुसती दबली असेल, सुजली असेल, तर वाट उघडू शकते. वरून मला दोन्ही सारखंच दिसतं. रोज सकाळी चिमटा लावा. पायाकडे बघू नका, तोंडाकडे बघा. मधली एक फेरी जाऊ द्या, त्याच्या पुढच्या फेरीला मी येईन. तोवर कळ आली नाही, तर तिला असं कुजत ठेवणं बरं नाही. मी झोपेचं औषध घेऊन येईन. आणि उठली तरी ओझं विसरा."

"ओझ्याला मी आहे," गाढववाला म्हणाला.

"मग थोडी कळ काढा," बाई म्हणाली आणि गेली.

दुसऱ्या दिवसापासून घराची घडी बदलली. उजाडायच्या आत नवरा-बायको मिळून शहाणीची कूस बदलायची. तो खांद्याकडून, ती कमरेकडून, पोतं ओढून एका दमात. हाडं वर आलेल्या जागी बायको कोमट पाण्याने पुसायची, कोरडं करून तेल लावायची. गाढववाला मागचे पाय हातात घेऊन पुढे-मागे करायचा, चालल्यासारखे. म्हातारा उशाशी बसून फडक्याने माश्या उडवायचा. तेवढंच त्याच्याच्याने होत होतं आणि ते तो मन लावून करायचा.

मग चिमटा. बाईचा चिमटा बाईबरोबर गेला होता, म्हणून बायकोने चुलीजवळची सांडशी दिली. गाढववाला मागच्या पायाशी बसायचा, शहाणीच्या तोंडाकडे पाठ करून. तोंडाकडे बघायचं काम बायकोचं. त्याच्याने ते होत नव्हतं. ज्या जनावरावर त्याने कधी काठी उगारली नाही, त्याला आता रोज सकाळी दुखावं म्हणून तो सांडशी आवळायचा आणि दुखू दे, दुखू दे, असं मनात म्हणत राहायचा.

पाय आत जायचा.

"काय गं?" तो मागे न वळता विचारायचा.

"खातेय," बायको म्हणायची.

एवढंच. मग तो सांडशी परत द्यायचा, ती तीच धुऊन चहाचं पातेलं उतरवायची आणि दोघं आपापल्या कामाला लागायची.

काम होतं, पण भोपळ्या अडला होता. आईवाचून तो दारातून पाय काढीना. ओढला, ढकलला, गोंजारला, पुढे हिरवा पाला धरला, पण तो दगड होऊन उभा. शेवटी गाढववाल्याने शहाणीच्या गळ्यातली घंटा सोडली आणि स्वतःच्या कमरेला बांधली. दोन पावलं टाकली. घंटा वाजली. भोपळ्याने कान टवकारले, इकडेतिकडे बघितलं आणि गाढववाल्याच्या कमरेला नाक लावून निमूट मागे चालू लागला.

तसाच तो भट्टीवर गेला. सगळी भट्टी काम टाकून बघायला लागली. कमरेला घंटा, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर विटा, मागे भोपळ्या. "या, शहाणीबाई!" कोणीतरी म्हणालं. मुकादम तर हसून हसून वाळूच्या ढिगावर बसला. "आता हाकतंय कोण आणि हाकलं जातंय कोण ते एकदा सांग." गाढववाल्याचे कान तापले, पण थांबला असता तर भोपळ्याही थांबला असता. त्याने विटा उतरवल्या, पुन्हा भरल्या. संध्याकाळपर्यंत त्याची मान खांद्यात गेली आणि पाठीच्या मधोमध एक जागा अशी धरली, की वाकलं तर उठवेना. शहाणीने ही पाठ इतकी वर्षं कशी वापरली असेल, असं त्याला राहून राहून वाटत होतं.

असेच दिवस गेले. मधली फेरी आली नि गेली. बाई रस्त्यावरूनच "कळ?" म्हणाली आणि त्याने नाही अशी मान हलवली. बाई तशीच पुढे गेली. विटेची रेघ तेलाच्या हाताने पुसली जायची, गाढववाला दुसरा तुकडा घेऊन ती पुन्हा ओढायचा. शहाणी खायची, प्यायची, भोपळ्या आला की त्याची मान चाटायची. पण कमरेच्या हाडावर एक जखम झाली ती भरेना, आणि मागच्या पायांचं मांस उतरून हाडं दिसायला लागली.

एकदा म्हातारा म्हणाला, "माश्या रेघेच्या मागे पण उडायला लागल्यात. चार बोटं मागे."

"तुम्हीच फडकं मारत असाल, बाबा."

"मारत असेन," म्हातारा म्हणाला आणि पुन्हा फडकं हलवू लागला.

बाई यायच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला, गाढववाला भोपळ्याला बांधून छपरात आला. बायको शहाणीला पाणी पाजत होती.

"उद्या बाईंना सांगतो," तो म्हणाला. "औषध द्या म्हणून."

बायकोने बादली खाली ठेवली. "मी सांगू का? तुम्हाला जमायचं नाही."

"नको. आणली मी, मीच सांगतो." मग थोड्या वेळाने म्हणाला, "मुकादम म्हणाला होता दुसरं बघ. त्याच्या तोंडून ऐकलं तेव्हा राग आला. आता मीच तेच म्हणतोय."

"तुम्ही कुठे दुसरं बघ म्हणताय," ती म्हणाली. तो खाली मान घालून पोत्याची दशी ओढत राहिला. आतून म्हाताऱ्याच्या खोकल्याचा आवाज येत होता, त्याला झोप लागली नव्हती.

सकाळी कूस बदलून झाल्यावर बायकोने नेहमीप्रमाणे सांडशी पुढे केली.

"आज नको," तो म्हणाला. "आजच्या दिवशी तरी तिला चिमटे कशाला? खूर साफ करतो तिचे. चांगली दिसू दे."

बायको सांडशी घेऊन आत गेली. तिला रडायचं होतं, ते तिने चुलीपाशी बसून धुराच्या नावावर खपवलं.

गाढववाला रोज कामाच्या आधी करायचा तसा, शहाणीच्या तोंडाकडे पाठ करून उकिडवा बसला. मागचा पाय मांडीवर घेतला. खोबणीत वाळलेला चिखल होता, भट्टीवरची लाल धूळ होती अजून. खूर कोरायच्या लोखंडी आकडीने तो एकेक ढलपी काढत होता आणि तिच्याशी बोलत होता. भोपळ्या आता घंटेवर चालतो. थोडा शहाणा झालाय, फार नाही. मधल्या मऊ भागात विटेची एक कपची रुतलेली दिसली. इतके दिवस कशी दिसली नाही म्हणून त्याने आकडी खाली घातली आणि उचकली. आकडी सटकली आणि मऊ जागेत खोल गेली.

त्याच क्षणी त्याच्या पाठीत, मणक्याच्या शेजारी, कोणीतरी पक्कड आवळावी तशी कळ उठली. तो एवढ्या मोठ्याने ओरडला की भोपळ्या घाबरून रेकायला लागला.

बायको धावत आली. नवरा वाळूत पालथा पडला होता, खांदे हलत होते. आता धीर सुटला माणसाचा, असं तिला वाटलं. जवळ आली तर तो हसत होता. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हसत होता.

"काय झालं? अहो, काय झालं?"

"चावली!"

"कोण चावली?"

"कोण काय? गाढव! गाढव चावलं मला!"

"शिवी कोण देतंय रे?" आतून म्हातारा ओरडला.

"शिवी नाही बाबा, बाहेर या! गाढव कुठली! केवढ्याने चावलीय, गाढव!"

बायकोने शहाणीकडे बघितलं. ती खात नव्हती. कान मागे पाडून, मान वळवून, तिचा डोळा त्या आकडीवर होता. कडब्याची काडी ओठातून लोंबत होती आणि जबडा थांबला होता.

"पुन्हा बघायचं का?" बायको सांडशी शोधायला वळली.

"नको, नको!" त्याने शहाणीचा खूर दोन्ही हातांत झाकून धरला. "दुखतंय ना तिला!"

डॉक्टरबाई उन्हं वर आल्यावर आली. नेहमीच्या पेटीबरोबर तिच्या हातात आज आणखी एक छोटी पेटी होती, आणि ती काय आहे हे सांगायची गरज नव्हती. छपराच्या तोंडाशी ती थांबली. तिघांकडे बघून तिला काही अंदाज येईना.

"कळतंय का काही तिला?" तिने हळू आवाजात विचारलं.

गाढववाला पुढे आला. तो वळला आणि त्याने सदरा पाठीवरून वर केला. मणक्याच्या डाव्या अंगाला दातांच्या दोन ओळी उमटल्या होत्या, वरची आणि खालची, भोवती निळंजांभळं.

बाईने छोटी पेटी कट्ट्यावर ठेवून दिली. जवळ येऊन तिने त्या खुणांवर बोट दाबलं.

"दुखतंय?"

"दुखतंय की, बाई," तो म्हणाला. "चांगलं दुखतंय."